आधी ‘जपून ठेवा’, मग ‘हजर करा’ : राज्यातल्या वकील संघांना खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि सर्व सभासद,
महाराष्ट्रातले जिल्हा व तालुका वकील संघ

स.न.वि.वि.

माझ्या कचेरीत एक बाई आल्या होत्या. महामार्गावरच्या फाट्यावर त्यांच्या नवऱ्याच्या मोटरसायकलला टेम्पोनं उडवलं होतं आणि टेम्पो न थांबता निघून गेला होता. फाट्याला लागून पेट्रोल पंप आणि पंपाचा एक कॅमेरा थेट रस्त्याकडे तोंड करून. त्या आल्या तेव्हा अपघाताला अकरा दिवस झाले होते, दहावा आदल्याच दिवशी उरकला होता. गुरुवार होता आणि मी कोर्टात होते. आमच्या कारकुनानं त्यांना बसवलं, पाणी दिलं, कागद चाळले आणि सांगितलं, ‘मॅडम सोमवारी निवांत भेटतील.’ सोमवारी मी निवांत भेटले. मंगळवारी ज्युनिअर अर्ज घेऊन पंपावर गेला. मॅनेजर भला माणूस, त्यानं लगेच डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रण साठवणारी पेटी, उघडून दाखवला. त्यात मागचे पंधरा दिवस होते. सोळावा आदल्या रात्री पुसला गेला होता.

कारकुनाला बोलायला मला तोंड नव्हतं. वीस वर्षं माझ्याकडे असलेला माणूस. मुदत कशी मोजायची, कोर्ट फी किती लावायची, नकलेचा अर्ज कोणत्या खिडकीवर द्यायचा, हे सगळं त्याला मी शिकवलं. यंत्राचीही एक मुदत असते आणि ती आपल्या मुदतीच्या कायद्यात कुठंच लिहिलेली नसते, हे मात्र कधी सांगितलं नाही. पैशाच्या दाव्याला कायदा तीन वर्षं देतो. पंपावरच्या त्या पेटीनं पंधरा दिवस दिले होते, आणि त्यातले पाच आम्ही कचेरीतच घालवले.

म्हणून हे पत्र. वकील संघांनाच लिहिते, कारण ज्या कामाबद्दल बोलायचं आहे ते, म्हणजे यंत्रातला पुरावा वेळेत जपून ठेवायचं काम, एकट्या वकिलाच्या कचेरीत फार होत नाही आणि विधी महाविद्यालयात शिकवलंही जात नाही.

१ जुलै २०२४ पासून तीन नवे कायदे आले, न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम. तेव्हापासून आपल्या प्रत्येक संघात व्याख्यानं झाली. मीही चार-पाच ऐकली. शाल, श्रीफळ, फोटो, मग खुनाच्या कलमाबद्दल ‘तीनशे दोनचं आता एकशे तीन झालं’ आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या कलमाबद्दल ‘पासष्ट बीचं त्रेसष्ट झालं’. कलमांचे नंबर पाठ झाले. पण पक्षकार मोबाइल हातात घेऊन कचेरीत शिरतो त्या क्षणी कारकुनानं काय करायचं, ज्युनिअरनं काय लिहून घ्यायचं, टायपिस्टनं कोणती फाइल उघडायची नाही, यावर एकही वक्ता बोलला नाही. व्याख्यानाला कारकून बोलावलेच नव्हते. ते बाहेर बोर्ड बघत उभे होते.

खरं तर या विषयात आपलं राज्य मागे नाही. यंत्रानं टिपलेला पुरावा कसा मानायचा हे देशाला शिकवणारे खटले आपल्याकडून सर्वोच्च न्यायालयात गेले. मुंबईच्या कोरोनरचं, म्हणजे अकस्मात मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याचं, फोनवरचं बोलणं टेपवर घेतलेलं चालेल का, हे मलकानी खटल्यात १९७२ मध्ये ठरलं. मुंबईतल्याच एका निवडणुकीतली भाषणं टेपवर होती, त्याचा निकाल बुखारी खटल्यात १९७५ मध्ये लागला. परदेशात बसलेल्या साक्षीदाराची साक्ष पडद्यावरून घेता येते हे २००३ च्या प्रफुल्ल देसाई खटल्यानं सांगितलं. सिन्नरच्या निवडणुकीतली कॅसेट २०१० मध्ये अपुरी ठरली, कारण कॅसेट हजर करणं आणि ती सिद्ध करणं यात फरक आहे. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ म्हणून पाठवलेली नोटीस पोहोचली आणि उघडली गेली, हे त्या छोट्या खुणांवरून मानलं.

आणि जालना. त्यावर जरा थांबते, कारण ‘पासष्ट बी म्हणजे खोतकर’ एवढं सगळ्यांना माहीत असतं आणि त्या खटल्यातली आपल्या उपयोगाची गोष्ट मात्र बहुतेकांच्या नजरेतून निसटते.

२०१४ ची विधानसभा निवडणूक. अर्ज भरायचा शेवटचा दिवस २७ सप्टेंबर, वेळ दुपारी तीनपर्यंत. त्याच्या नऊच दिवस आधी, १८ सप्टेंबरला, सर्वोच्च न्यायालयानं केरळच्या एका निवडणूक खटल्यात, अन्वर खटल्यात, सांगितलं होतं की मूळ यंत्र न आणता त्यातल्या नोंदीची नक्कल आणायची असेल तर ती कोणत्या यंत्रातून कशी काढली हे सांगणारा पासष्ट बीचा दाखला हवाच. जालन्यात त्या दिवशी निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात आणि बाहेर कॅमेरे चालू होते. पुढं अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. त्यांना ४५,०७८ मतं, कैलास गोरंट्याल यांना ४४,७८२. विजयी उमेदवाराचे अर्ज तीननंतर घेतले गेले, हे गोरंट्याल यांचं म्हणणं, आणि त्याचा पुरावा सरकारी कॅमेऱ्याच्या सीडींमध्ये.

सीडी सरकारच्या, कॅमेरा सरकारचा, दाखला द्यायचा सरकारनं. अर्जदारांनी दाखला मागितला. लेखी मागितला, पुन्हा मागितला, उच्च न्यायालयाकडून हुकूमही मिळवला. सीडी आल्या, दाखला आला नाही. मग औरंगाबाद खंडपीठानं निवडणूक अधिकाऱ्यांच्या उलटतपासातून जे बाहेर आलं ते दाखल्याच्या जागी धरलं आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली. सर्वोच्च न्यायालयात १४ जुलै २०२० ला तीन न्यायमूर्तींनी निकाल दिला तेव्हा ती विधानसभा कधीच संपली होती, नवी बसली होती. निकाल काय, तर दाखला सक्तीचा आहे आणि तोंडी साक्ष त्याची जागा घेऊ शकत नाही. इथपर्यंत आपण सगळे वाचतो आणि पुस्तक मिटतो.

पुढचं असं आहे. तोंडी साक्षीनं भागत नाही असं म्हणूनही अपील फेटाळलं गेलं आणि उच्च न्यायालयाचा निकाल टिकला. एक तर सीडी वगळूनही दुसरा पुरावा होता. दुसरं असं की, दाखला मिळवण्यासाठी माणसाला जे जे करणं शक्य होतं ते अर्जदारांनी केलं होतं आणि ते कागदावर दिसत होतं. अशक्य ते करायला कायदा लावत नाही, असं न्यायालयानं म्हटलं. दाखला देणारा देत नसेल तर न्यायालयाकडं जा, न्यायालय मागवून घेईल, हेही सांगितलं. खटला चालू असेपर्यंत दाखला नंतरही आणू देता येतो, हेही.

म्हणजे हातात दाखला नसताना ज्यानं त्यांना तारलं, ती मागणीपत्रांची चळत होती. आपल्यापैकी किती जणांच्या फायलीत अशी चळत असते? आपण मॅनेजरला फोन करतो, तो ‘बघतो साहेब’ म्हणतो, आणि वर्षभरानं पुराव्याच्या टप्प्यावर उभं राहून आपण सांगतो की आम्ही मागितलं होतं, दिलं नाही. कधी मागितलं? कुणाकडं? पोच कुठं आहे?

मागणीचेही दोन प्रकार आहेत आणि आपण त्यातला पहिला जवळपास कधीच करत नाही. पहिली मागणी ‘जपून ठेवा’. दुसरी ‘हजर करा’. दुसरीला कायद्याचे सगळे दरवाजे आहेत. कागद उघड करायला लावणारा दिवाणी संहितेचा आदेश ११, साक्षीदारासाठी आदेश १६, फौजदारीत नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ९४. पण त्या दरवाज्यातून जायला दावा दाखल असावा लागतो, तारीख लागते, समोरच्याचा ‘से’, म्हणजे लेखी म्हणणं, येतो, न्यायाधीश साहेब रजेवर जातात. तोवर वस्तूच उरली नाही तर हजर काय करणार? पहिल्या मागणीला मात्र स्पीड पोस्ट किंवा ईमेल पुरतं आणि ती वकीलपत्रावर सही होते त्याच दिवशी जाऊ शकते. समोरचा ऐकेल असं वाटत नसेल तर दाव्यासोबतच आदेश ३९ नियम ७ खाली जतनाचा अर्ज द्यावा. तो नियम शेतातल्या उभ्या पिकासाठी आणि गोठ्यातल्या जनावरासाठी आपण वापरतो. एखाद्या दाव्याचा सगळा वाद ज्या नोंदीभोवती फिरतो त्या नोंदीसाठी तो वापरून बघायला काय हरकत आहे?

किती घाई करायची हे कळायला काही आकडे कारकुनाच्या टेबलावर लिहून ठेवलेले बरे. मोबाइल कंपन्यांनी कॉलची नोंद निदान दोन वर्षं ठेवायची, अशी परवान्याची अट डिसेंबर २०२१ पासून आहे. त्याआधी एक वर्ष होतं. पोलीस ठाण्यातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण अठरा महिने ठेवावं, आणि तशी सोय नसेल तरी वर्षाच्या खाली नको, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२० मध्ये सांगितलं आहे. संगणक यंत्रणांचे लॉग १८० दिवस ठेवायचे, हा सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेचा एप्रिल २०२२ चा हुकूम. हे झाले कागदावरचे आकडे. सोसायटीचं गेट, किराणा दुकान, मंगल कार्यालय, खासगी दवाखाना इथं कायदा नव्हे तर आतली डिस्क ठरवते. कॅमेरे आठ आणि डिस्क लहान असली तर आठवड्यातच जुनं चित्र नव्याखाली जातं. व्हॉट्सअ‍ॅपवर आपोआप गायब होणाऱ्या मेसेजची मुदत पक्षकारानं स्वतःच लावलेली असते, चोवीस तास, सात दिवस किंवा नव्वद दिवस, आणि त्याला ते आठवतही नसतं. पहिल्या भेटीत तेवढं एक बघा.

मागणी कशी लिहायची, याबद्दलही दोन शब्द. ‘घटनेचे सीसीटीव्ही फुटेज द्यावे’ अशा वाक्याला कुणी नाही म्हणत नाही आणि काही देतही नाही. कोणता कॅमेरा, त्याचं तोंड कुठं, कोणती तारीख, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, हे लिहा. वेळ मागताना आधी-नंतर अर्धा तास जास्त मागा, कारण डीव्हीआरचं घड्याळ बरोबर असेलच असं नाही. मी सात मिनिटं पुढं आणि तेरा तास मागं असलेली दोन्ही घड्याळं पाहिली आहेत. ज्युनिअरला पाठवाल तेव्हा त्यानं डीव्हीआरच्या पडद्यावरची वेळ आणि आपल्या मोबाइलवरची वेळ एकाच फोटोत घ्यावी. उलटतपासात ‘चित्रातली वेळ आणि एफआयआरमधली वेळ जुळत नाही’ हा प्रश्न ठरलेला असतो. तो फोटो तेव्हा कामाला येतो.

आता दाखल्याकडं येते. साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) खालचा दाखला आता मोकळ्या मजकुराचा राहिलेला नाही, परिशिष्टात छापील नमुना आहे. भाग अ यंत्राचा ताबा असणाऱ्यानं भरायचा, भाग ब तज्ज्ञानं. यंत्राचा प्रकार, मेक, मॉडेल, रंग, सीरियल नंबर, आयएमईआय हा फोनचा ओळख क्रमांक, आणि त्या नोंदीची हॅश किंमत. रंगसुद्धा. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं होतं, आता वाटतं की पंचनाम्यात ‘काळ्या रंगाचा, कोपऱ्यात तडा गेलेला’ असं आपण लिहितोच की.

हॅश या शब्दाला घाबरणारे सिनिअर मी पाहिले आहेत. त्यांना मी मुद्देमालावरच्या लाखेच्या सीलची आठवण करून देते. फाइलमधल्या सगळ्या मजकुरातून गणितानं एक ठसा निघतो. एसएचए-२५६ पद्धतीत तो ६४ अक्षर-अंकांचा असतो. फाइलमध्ये एक अनुस्वार बदलला तरी ठसा पूर्ण वेगळा. आमच्या ज्युनिअरना मी हे करून दाखवलं. ‘दहा हजार मिळाले’ असं लिहिलेली फाइल, तिचा ठसा, मग एक टिंब वाढवलं, पुन्हा ठसा. दोन ओळी शेजारी ठेवल्यावर पोरं गप्प झाली. यासाठी सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागत नाही. विंडोजच्या संगणकात ‘सर्टयुटिल’ नावाची आज्ञा आधीपासूनच असते. नमुन्यात एमडी५ आणि एसएचए-१ यांचेही पर्याय छापले आहेत, पण ते निवडू नका. एकसारखा ठसा देणाऱ्या दोन वेगळ्या फाइली एमडी५ मध्ये २००४ मध्ये आणि एसएचए-१ मध्ये २०१७ मध्ये तयार करून दाखवल्या गेल्या आहेत, आणि समोरचा वकील कधीतरी हे वाचून येणारच.

भाग ब ची अडचण खरी आहे. कलम ६३ मध्ये ‘तज्ज्ञ’ म्हणजे कोण हे लिहिलेलं नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ अ खाली अधिसूचित इलेक्ट्रॉनिक पुराव्याचा परीक्षकच हवा, की संगणकाचं रीतसर शिक्षण आणि अनुभव असलेला माणूस चालेल, यावर बार रूममध्ये रोज वाद होतो. कलिना, पुणे, नागपूरच्या सरकारी प्रयोगशाळा पोलिसांच्या कामानंच भरलेल्या आहेत. तिथं खासगी दाव्यातला दहा मिनिटांचा व्हिडिओ कोण बघणार? परिणामी दोन गोष्टी चालल्या आहेत. एक, भाग ब कोराच सोडायचा आणि हरकत येते का बघायचं. दोन, कोर्टासमोरच्या झेरॉक्सवाल्याची सही घ्यायची. दुसरी गोष्ट मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे, त्या बिचाऱ्याला पुढं साक्षीला यावं लागेल याची कल्पनाही नव्हती.

शिवाय १ जुलै २०२४ च्या आधी सुरू असलेली प्रकरणं साक्ष्य अधिनियमाच्या कलम १७० मुळे जुन्याच कायद्याखाली चालतात. म्हणजे कचेरीत दोन नमुने हवेत आणि कोणत्या फायलीला कोणता, हे फायलीच्या पुठ्ठ्यावरच लिहिलेलं हवं. बँकेचा खातेउतारा असेल तर बँकर्स बुक्स कायद्याच्या कलम २ अ चा दाखला वेगळा. मॅनेजरचा गोल शिक्का म्हणजे तो दाखला नव्हे.

मूळ फोन कोर्टात आणून त्याच्या मालकानं साक्ष दिली तर दाखल्याशिवाय भागतं, हेही जालन्याच्याच निकालात आहे. म्हणून पक्षकाराला पहिलं वाक्य सांगायचं ते हे, की फोन विकू नका, एक्स्चेंजमध्ये देऊ नका, फॉरमॅट मारू नका. दिवाळीच्या सेलमध्ये पुरावा देऊन नवा फोन घेतलेले पक्षकार माझ्याकडं आहेत. दुसरं वाक्य, फोटो मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका. पाठवला की तो दाबून लहान होतो आणि कधी, कोणत्या फोननं काढला ही आतली माहिती गळून पडते. टायपिस्ट तोच छापतो, खाली नोटरीचा शिक्का बसतो, आणि आपण त्याला पुरावा म्हणतो. नोटरी सही कुणाची ते सांगतो. फोटो कुठून आला हे तो कसं सांगणार?

आमच्या कचेरीत आता एक वही आहे, साधी, दोनशे पानी. कोणती वस्तू आली, कुणाची, नंबर काय, कुणी हात लावला, कधी, कुठं ठेवली, ठसा काय. पोलिसांना आता दोषारोपपत्रासोबत इलेक्ट्रॉनिक यंत्राच्या ताब्याचा क्रम द्यावा लागतो, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ मध्ये ते आलं आहे. तो क्रम तुटलेला आहे असं आपण आरोपीतर्फे ओरडून सांगणार आणि आपल्या कपाटातला पेनड्राइव्ह कुणी कुठून आणला हे आपल्यालाच माहीत नसणार, हे काही बरं दिसत नाही. वहीची जबाबदारी सर्वांत धाकट्या ज्युनिअरकडं आहे. मुलगी चिकट आहे, मलाही सही केल्याशिवाय पाकीट देत नाही.

आतापर्यंत बोलले ते मागणाऱ्याच्या बाजूनं. पण मागणी आपल्यावरही येते, आणि तिथं आपली तयारी आणखीच कच्ची असते. पतसंस्था, साखर कारखाना, शाळेची संस्था, बिल्डर असा आपला पक्षकार असतो. समोरून नोटीस येते, ‘अमुक ठरावाबाबतचे सर्व ईमेल व मेसेज हजर करा.’ पक्षकार रात्री फोन करून विचारतो, ‘मॅडम, डिलीट करून टाकू का?’ या प्रश्नाचं उत्तर आपल्या कचेरीतल्या प्रत्येकाला एकच यायला हवं आणि ते झोपेतून उठवून विचारलं तरी यायला हवं. पुरावा म्हणून हजर करावी लागेल अशी इलेक्ट्रॉनिक नोंद ती हजर होऊ नये म्हणून नष्ट केली तर न्याय संहितेच्या कलम २४१ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. दिवाणीत, जवळ असून दाखवली नाही तर ती तुमच्या विरोधातच गेली असती असं न्यायालय धरू शकतं, पुराव्याच्या जुन्या कायद्यातल्या कलम ११४ चं आता ११९ झालं आहे इतकंच.

पण याचा अर्थ सगळं गाठोडं बांधून द्यायचं असाही नाही. ‘सर्व ईमेल, सर्व मेसेज’ या मागणीला आपण ‘फिशिंग’, म्हणजे काही सापडतं का बघायला टाकलेला गळ, म्हणून नुसता विरोध करतो, न्यायालय वैतागून अर्ज मंजूर करतं आणि मग पक्षकाराला तीन वर्षांचा मेलबॉक्स काढावा लागतो. त्यापेक्षा से देतानाच आपण मर्यादा सुचवावी. ही चार माणसं, हे पाच महिने, हा विषय, यातलं देतो. वकिलाशी झालेला पत्रव्यवहार आधी बाजूला काढावा, साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ चं संरक्षण आपल्या कारकुनाला आणि कर्मचाऱ्यांनाही आहे. हे बाजूला काढायचं काम संस्थेच्या संगणक ऑपरेटरवर सोडू नका. एका प्रकरणात मी सोडलं होतं. समोरच्या वकिलांनी सभ्यपणे फोन करून सांगितलं, ‘ताई, तुमचंच पत्र आलंय आमच्याकडं.’ अजून त्यांच्याशी बोलताना मान खाली जाते.

व्यापारी वादांत तर उशिराला जागाच नाही. २०१८ च्या दुरुस्तीनंतर तीन लाखांपासूनचे वाद व्यापारी न्यायालयाच्या कक्षेत येतात, म्हणजे आडत्याचा आणि कापड दुकानदाराचा वादसुद्धा. तिथला आदेश ११ वेगळा आहे. आपल्या ताब्यातले सगळे कागद दाव्यासोबत किंवा कैफियतीसोबतच, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तरासोबतच, द्यायचे, नंतर न्यायालयाची परवानगी. कैफियतीला एकशे वीस दिवसांच्या पुढं एक दिवस नाही. इलेक्ट्रॉनिक नोंदीची छापील प्रत चालते, पण ती कुठून, कशी, कधी काढली, ईमेल खातं कुणाचं, कुणाच्या ताब्यात, याचं सत्यकथन शपथेवर हवं. समोरच्याचे कागद मान्य की अमान्य, हेही ठरल्या दिवसांत, कारणासह सांगायचं. ‘मजकूर नाकबूल’ असा शिक्का तिथं चालत नाही.

हरकतीचंही एक आहे. दाखला नाही किंवा नमुना चुकला ही हरकत कागदावर निशाणी पडते, म्हणजे पुरावा म्हणून त्याला नंबर मिळतो, त्या क्षणी घ्यायची असते. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये स्पष्ट केलं आहे की पुरावा सिद्ध करण्याच्या पद्धतीवरची हरकत अपिलात पहिल्यांदा घेता येत नाही. आपला ज्युनिअर त्या दिवशी ‘तारीख घेऊन ये’ एवढंच सांगून पाठवलेला असतो, आणि नेमकी त्याच दिवशी निशाणी पडते.

आता संघांकडं माझं मागणं.

एक शनिवार कारकून, टायपिस्ट आणि दोन वर्षांच्या आतल्या ज्युनिअरसाठी ठेवा. व्यासपीठ नको, सत्कार नको. एक डीव्हीआर, दोन फोन, एक संगणक टेबलावर, आणि प्रत्येकाच्या हातानं एकदा ठसा काढणं, एकदा भाग अ भरणं, एकदा ‘जपून ठेवा’चं पत्र लिहिणं. ते पत्र मराठीत असावं. पंपाच्या मॅनेजरला, सोसायटीच्या वॉचमनला इंग्रजी नोटीस गेली की तो ती मालकाकडं पाठवतो, मालक वकिलाकडं, आणि डीव्हीआर आपलं काम करत राहतो.

भाग ब वर सही करायला तयार असलेल्या, शिक्षण-अनुभव सांगू शकणाऱ्या आणि साक्षीला येण्याची तयारी असलेल्या माणसांची यादी प्रत्येक जिल्हा संघानं करावी. अभियांत्रिकी आणि तंत्रनिकेतनातले प्राध्यापक प्रत्येक जिल्ह्यात आहेत. मानधन काय, हे संघानं त्यांच्याशी बोलून उघड ठरवावं, म्हणजे गरीब पक्षकाराची अडवणूक होणार नाही. तज्ज्ञ कोण याचा अंतिम निर्णय न्यायालयांचा, पण निर्णय व्हायलाही कुणीतरी समोर उभं करावं लागतं.

प्रधान जिल्हा न्यायाधीशांना संघाच्या शिष्टमंडळानं एकदा भेटावं आणि विचारावं की दाव्यात दाखल झालेला पेनड्राइव्ह ठेवायचा कुठं. आज तो पाकिटात घालून फायलीला टाचला जातो. एका फायलीत मी सीडीच्या मधोमध पिन मारलेली पाहिली आहे, आणि त्यावर निशाणीचा नंबर सुवाच्य अक्षरात होता.

नमुने म्हणून आमच्या कचेरीतलं जतनपत्र, वहीचे रकाने आणि पहिल्या भेटीतले अकरा प्रश्न कोणत्याही संघाला मी देईन. सुधारून घ्या, माझं नाव घालायची गरज नाही.

गेल्या पावसाळ्यात असंच एक प्रकरण आलं, रात्रीची वेळ, गोदामाच्या गेटवरची मारामारी. मी उच्च न्यायालयात गेले होते. परत आल्यावर कळलं की कारकुनानं पक्षकाराला बसवलं, पाणी दिलं, कॅमेरा कुठं आहे ते विचारलं, ज्युनिअरची सही घेतली आणि तासाभरात पत्र गोदामात पोहोचवून पोच आणली. गोदामवाल्यानं चित्रण काढून दिलं. त्यात पाऊस होता आणि गेटवरचा दिवा होता, माणूस एकही ओळखू येत नव्हता. पोच फायलीत लावली आहे.

कळावे,
आपली सभासद,
जिल्हा न्यायालयात बावीस वर्षं वकिली करणारी एक वकील